खिडकीत वाळत घातलेल्या पट्ट्या

मंगळवार, ४ तारीख

ही वही मला ठकीने आणून दिली. म्हणाली, "आजी, तुझ्या पोटात काही राहत नाही. बोलायची उबळ आली की ह्यात लिही. तोंडाने नको." मी म्हटलं, अगं मी तिसरीपर्यंत शिकलेली, मला काय लिहिता येतंय. तर म्हणे, "कपड्यांना चिठ्ठ्या लावतेस ना, 'पडदा निळा, शनिवारी द्यायचा', तशीच जरा लांब चिठ्ठी लिही."

तर ही लांब चिठ्ठी. कुणाच्या कपड्याला लावायची नाही.

ठकी म्हणजे माझी नात, लेकीची लेक. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसून सगळ्यांकडे टकामका बघायची, म्हणून ठकी. आता एकतीस वर्षांची घोडी झाली तरी ठकीच. पोहण्याच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवते. लेक माझी परगावी असते. नोकरीसाठी ठकी माझ्याकडे आली, मग लग्न केलं आणि नवऱ्यालाही इथेच आणलं. मी म्हटलं, या, खोल्या दोन आहेत आणि मी एकटी किती जागा व्यापणार.

खाली माझं रंगाचं दुकान. भिंतीचा रंग नव्हे, कपड्याचा. विटलेला शर्ट द्या, उडालेला पडदा द्या, नवा करून देते. आमचे हे होते तोवर दोघं करायचो, आता मी एकटी करते. वर आम्ही तिघं राहतो. ठकीचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टा वरखाली करायच्या आणि घरी आल्यावर जिना चढायचा, असं त्यांचं आहे. मी त्यांना जावईबुवा म्हणते. ते मला थोडे घाबरतात, मी त्यांना थोडी घाबरते. तसं बरं असतं, घर शांत राहतं.

आता मुद्दा. लिहू का नको असं झालंय, पण वही त्यासाठीच आहे. ठकीची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. ती टळावी म्हणून घरात तिघांनी श्वास रोखून धरलाय.

मूल व्हावं म्हणून तिसरं वर्ष चाललंय दोघांचं. गेल्या थंडीत एकदा झालं होतं. तारखेच्या आधीच चार दिवस तिने ती पट्टी केली, दोन रेघा आल्या, आणि ही पोरगी जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगत सुटली. पाचव्या दिवशी सगळं गेलं. पुढे तीन महिने लोक विचारायचे, कितवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पुष्कळ जणींचं होतं, इतक्या लवकर पट्टी केली नसती तर कळलंही नसतं, पाळी एखादा दिवस लांबली असंच वाटलं असतं. पुढच्या वेळी तारीख चुकू द्या, वर एक आठवडा जाऊ द्या, मगच बघा.

ठकीने कानाला खडा लावलाय. पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या मंगळवारपर्यंत पट्टी नाही आणि कुणाला सांगायचं नाही. आणि काल भांडी पुसता पुसता म्हणाली, "ह्या वेळीही तसंच झालं ना आजी, तर मी थांबणार. परत नाही." आवाज अगदी साधा होता. 'उद्या तलाव बंद आहे' म्हणावं तसा.

गुरुवार, ६

आज हॉटेलवाल्याचे पडदे रंगवले. त्याला हिरवा हवा होता. भांड्यातून काढल्या काढल्या बघून म्हणाला, "हा तर काळा झाला." मी म्हटलं, अहो, ओल्यावरून रंग ठरवू नका, वाळू द्या. दोरीवर टाकला, तासाभराने आला तर हवा तस्सा हिरवा. गेला गुपचूप. चाळीस वर्षं हेच सांगतेय लोकांना. रंग ओला असताना खोटं बोलतो, वाळला की खरं.

वरच्या मजल्यावरची बाई आली होती. तिला सगळे भोंगा म्हणतात, तिलाही ते माहीत आहे आणि तिला आवडतं. एक मोजा रंगवायला घेऊन आली. एकच. दुसरा हरवलाय म्हणे, पण हा फिका पडलाय. मोजा हे निमित्त, हे मलाही कळतं.

"नात जरा सुकलेली दिसते," म्हणाली.

"पाण्यात असते ना दिवसभर," मी म्हटलं.

"पाण्यात असलेलं माणूस सुकतं होय?"

मी मोजा भांड्यात टाकला आणि ढवळत बसले. ती गेल्यावर वर आले आणि हे लिहिलं. खरंच उबळ थोडी कमी होते. ठकी हुशार आहे.

शुक्रवार, ७

नाही राहवलं तिला. मला राहवलं, तिला नाही. म्हणजे बघा.

सकाळी मोरीतून बाहेर आली ती ओठ मिटून. मी काही विचारलं नाही. चहा दिला. ती म्हणाली, "काही नाही."

"काय काही नाही?"

"एकच रेघ आहे. आणि आता मला बोलू नकोस, मला माहीत आहे लवकर केली ते."

तलावाची पिशवी उचलून गेली. जावईबुवा तर आधीच गेलेले. कुठे तरी माणसं अडकलेली म्हणे, दोन मजल्यांच्या मध्ये. मी मनात म्हटलं, आम्ही पण.

मग मी केर काढायला मोरीत गेले. पट्टी टोपलीत वरच पडलेली. उचलली. ओली होती. मला एकदम वाटलं, ह्या पोरीने ओलीच बघितली असणार. तिला दम कुठे असतो. पाण्यातून काढल्या काढल्या बघायची आणि रडायचं. आणि नात कुणाची, तर रंगारणीची.

मी ती स्वच्छ कागदावर ठेवून खिडकीत वाळत घातली. खाली जाऊन दोन शर्ट केले, वर आले. आणि काय सांगू. दुसरी रेघ. बारीक होती, पण होती. पहिली लाल, दुसरी जरा राखाडीकडे झुकलेली, पण सरळ, एका जागी, रेघच. चष्मा पुसून बघितली, खिडकीबाहेर धरून बघितली. आहे.

मी खुर्चीवर बसले आणि एकटीच हसत राहिले. पणजी. लेकीची लेक, तिचं लेकरू. आमचे हे असते तर म्हणाले असते, तुझे गुडघे वाजतात आणि तुला पाळणा हलवायचाय. मी म्हटलं असतं, हो, तुम्हाला काय करायचंय.

त्याच दिवशी संध्याकाळी

सांगितलं. बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय, ती स्वतः काही बाहेरची नाही.

ठकी आली, केस अजून ओले. मी पट्टी तिच्यासमोर धरली. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, ही कुठून काढलीस?"

"टोपलीतून. वाळवली. तू ओलीच बघितलीस."

ती हसली. मग हसायची थांबली आणि पट्टी हातात घेऊन दिव्याखाली गेली.

जावईबुवा आल्यावर त्यांनी पट्ट्यांच्या डब्यातला कागद उलगडला. अक्षर मुंगीएवढं. वाचून म्हणाले, "आजी, ह्यात लिहिलंय की पाच मिनिटांत बघायची. दहा मिनिटांनंतर आलेली रेघ धरायची नाही. आणि हिला रंग नाही, राखाडी आहे नुसती."

"आमच्यात राखाडी हाही रंगच असतो," मी म्हटलं. "भाव वेगळा घेतो आम्ही त्याचा."

ते ठकीकडे बघायला लागले. ठकी म्हणाली, "असू दे रे." आणि आत गेली.

कागद लिहिणाऱ्याने कधी कापड रंगवलंय का, हा माझा प्रश्न आहे. पण जावयाला उलट किती बोलावं.

शनिवार, ८

सकाळी बघते तर खिडकीतली पट्टी नाही. वाऱ्याने उडाली म्हणून मी खाली गल्लीत शोधून आले. मग ठकीची पिशवी धुवायला घेतली तर पोहण्याच्या टोपीत गुंडाळून ठेवलेली. म्हणजे तिलाही पटलंय. मी परत होती तशी ठेवली आणि पिशवी धुतली नाही.

आज तिने दुसरी केली. म्हणाली एकच रेघ. टोपलीत टाकताना माझ्याकडे बघून टाकली. मी ओळखलं. वाळवली. आली.

रविवार, ९

तिसरी. आली. आज पाऊणएक तासातच आली, ऊन चांगलं होतं. टोपीतली पहिलीही ठकीने परत खिडकीत आणून ठेवलीय.

सुट्टी होती तर जावईबुवांनी खिडकीची कडी दुरुस्त केली. कडी कधीपासून मोडलेली, त्यांना आजच बरी दिसली. पट्ट्या बाजूला करून परत ठेवल्या, अगदी नीट, माझ्या होत्या त्याच क्रमाने. काम चोख आहे माणसाचं. ठकी दोनदा खिडकीशी येऊन गेली. एकदा म्हणाली, "आज जरा ठळक आहे का गं?" मी म्हटलं, आहेच. दुपारी चक्क गुणगुणत होती. लग्नानंतर मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. जावईबुवा उठून जिन्यात जाऊन उभे राहिले, बराच वेळ. ह्या माणसाला आनंद दाखवता येत नाही. काही पुरुष असतात असे.

सोमवार, १०

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

सकाळी ठकीने चौथी केली. मी खाली उकळत्या भांड्याशी होते, वर जाऊन वाळत घालायला दुपार झाली. बघते तर खिडकीत आधीच एक ठेवलेली, जुन्या तीन सोडून. मला वाटलं, ठकीच ठेवून गेली. मग टोपलीतली पण घातली. संध्याकाळी सगळ्या मिळून पाच. पाचही दोन दोन रेघांच्या. मी कधी कुठल्या परीक्षेत पास झाले नाही, पण पाचपैकी पाच म्हणजे काय ते मला कळतं.

जेवणं झाल्यावर मी त्या ताटलीत मांडून आणल्या. सगळ्यांत छान रेघ आलेली पहिली ठेवली.

"बघा जावईबुवा, आता तुमचा कागद काय म्हणतो? पाच."

ठकी म्हणाली, "पाच कुठून? मी चारच केल्यात."

जावईबुवांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पाचवी माझी."

"तुमची म्हणजे?"

"माझी म्हणजे माझीच, आजी. सकाळी मी केली. तुमच्यासारखीच वाळवली."

मला कळायला वेळ लागला. मी विचारलं, "ह्यातली कुठली?" त्यांनी बोट दाखवलं. पहिली. सगळ्यांत छान.

मग ठकीच्या नाकातून एक आवाज आला आणि ती हसायला लागली. "अरे मग किती दिवस गेलेत तुझे?" म्हणाली. "जड उचलू नकोस हं. लिफ्टा कोण उचलणार आता?" ते पण हसले, मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता कधी तिचं रडणं सुरू झालं ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. ते उठून तिच्या मागे उभे राहिले, पाठीवर हात ठेवून.

"मला चीड आली होती आजी," ते म्हणाले. "तुमची नाही. पट्टीची. साध्या पाण्यात बुडवलीत तरी वाळल्यावर अशी रेघ येते एखादी."

मी म्हटलं, "ठकी, मला खरंच वाटलं गं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "कागद मी गेल्या वर्षीच वाचलाय. तरी रोज तुझ्या खिडकीशी जाऊन बघत होते."

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मी पाचही पट्ट्या कागदात गुंडाळून खाली टाकून आले. चाळीस वर्षं लोकांना सांगत आले, वाळू द्या, वाळू द्या. कापडाचं कापडापाशी ठेवावं.

मंगळवार, ११

आज तारीख. सकाळी कुणी कुणाला काही विचारलं नाही. ठकीने उरलेल्या पट्ट्यांचा डबा आणून माझ्या हातात दिला. म्हणाली, "हा तुझ्या रंगाच्या कपाटात ठेव, कुलूप लाव आणि पुढच्या मंगळवारपर्यंत मी पाया पडले तरी देऊ नकोस."

रंगाचं कपाट म्हणजे त्यातल्या पुड्या विषारी असतात, किल्ली माझ्या कमरेला. मी ठेवला, पुड्यांच्या मागे. जावईबुवांनी कुलूप ओढून बघितलं. सवय आहे त्यांना, प्रत्येक दार दोनदा ओढून बघतात.

रात्रीपर्यंत काही आलं नाही. एवढंच लिहिते. ह्यावर हसायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

गुरुवार, १३

आज दुकान लवकर बंद केलं. कारण कुणाला सांगण्यासारखं नाही.

दुपारी ठकी तलावावरून मधेच घरी आली. डोकं दुखतंय म्हणाली. मोरीत गेली आणि नळ सोडला. बराच वेळ. मी बाहेरून म्हटलं, "पाणी तापवून देऊ का?" तर म्हणाली, "नको, गारच बरं." ती, जिला उन्हाळ्यातही कोमट लागतं. आणि जी स्वतःचा रुमाल कधी स्वतः धुवत नाही.

मी रंगारीण आहे. गार पाण्यात काय धुतात ते मला कुणी सांगायला नको.

बाहेर आली, आतले कपडे पिळून दोरीच्या अगदी कडेला घातले आणि वर टॉवेल टाकला. मी बघितलं नाही असं दाखवलं. चहा केला. ती म्हणाली, "साखर जास्त झालीय." मी म्हटलं, "हो का." जास्त कुठली, मी घातलीच नव्हती.

म्हणजे गेलं. थांबणार म्हणाली होती, तर आता थांबणार. मी तिला काय म्हणणार. तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. मला कळलंय हे तिला कळता कामा नये, नाही तर आणखी मला सांभाळत बसेल.

संध्याकाळी जावईबुवा आले, दोघं आत कुजबुजले. मग ते परत बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने आले. हत्यारांच्या पिशवीतून औषधाच्या दुकानाची कागदी पुडी डोकावत होती. पाठीचं मलम असणार. सारखे वाकून काम करतात.

शुक्रवार, १४

मी डोळा चुकवतेय, ती डोळा चुकवतेय. एका घरात दोन बायका, दोघींना ठाऊक, दोघी गप्प. पण एक आहे, रडत नाही ती. सकाळी मोरीतून आली ती सरळ खिडकीत जाऊन उभी राहिली आणि हात पोटावर. दुखत असेल बिचारीचं. मी गरम पाण्याची पिशवी पुढे केली तर एकदम दचकली. "नको नको आजी, गरम नको." बरं बाई, नको तर नको.

शनिवार, १५

दोघं सकाळीच बाहेर पडले. गादी बघायला जातो म्हणाले. मी म्हटलं बरंय, मन तरी रमेल. तीन तासांनी हात हलवत आले. गादी नाहीच. ठकीच्या कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला.

"हे काय?"

"तलावावर सगळ्यांची तपासणी असते गं अधूनमधून."

"आणि गादी?"

"पसंत नाही पडली," जावईबुवा म्हणाले. "सोमवारी परत जाऊन बघतो म्हटलं."

गादीसाठी दोनदा. आमच्या वेळी गादी वडिलांनी दिली ती अजून चाललीय. पण मी बोलले नाही. दुःखात माणूस काहीतरी शोधत फिरतं. आमचे हे गेल्यावर मी दोन महिने चाळणी शोधत होते. चाळणी घरातच होती.

रविवार, १६

भोंगा मोजा न्यायला आली. रंग बघून खूश झाली, मग खुर्ची ओढून बसली.

"खरं सांग, नातीकडे काही आहे का? काल जिना चढताना नवरा तिची पिशवी घेऊन चढत होता. एवढुशी पिशवी."

"प्रेम आहे त्यांचं," मी म्हटलं.

"तीन वर्षांनी?"

"तुमच्याकडे तीन वर्षांनी संपलं म्हणून सगळ्यांकडे संपतं का?"

ती हसली, "अगं तीन महिन्यांनी," म्हणाली, आणि मोजा घेऊन गेली. वाईट नाही बाई. पण एक सांगते, आज मला सांगायची उबळच आली नाही. आनंदाची बातमी पोटात राहत नाही. ही राहते. दगडासारखी राहते.

ठकीने तलावावर उथळ बाजूला बदली मागून घेतलीय, खुर्चीत बसून लहान पोरांवर लक्ष ठेवायचं. सूर मारायला शिकवणारी पोरगी. उमेद गेली की असं होतं. परवा मंगळवार. कुलूप उघडायचं की नाही, तिच्यावर सोडणार आहे. तिने विषय काढला नाही तर डबा तिथेच राहू दे, पुड्यांच्या मागे, मी मरेपर्यंत.

सोमवार, १७

गादी आजही पसंत पडली नाही. दोघं आले ते मात्र हसत. दुकानात काय गंमत झाली विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागले. ठकीने येता येता माझ्यासाठी बिस्किटं आणली आणि पुडा फोडून स्वतःच पाच खाल्ली.

तिला असं हसताना बघून मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. इतक्या लवकर सावरली. चांगलंच आहे. मी नाही सावरले अजून.

मंगळवार, १८

सकाळी मी चहा ठेवत होते तर ठकी येऊन समोर उभी. हात पुढे. "किल्ली."

मी म्हटलं, "राहू दे ना पोरी. कशाला उगाच."

"ठरलंय ना आपलं? आज मंगळवार."

मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं चार दिवस. 'तू आहेस ना, मला तेवढं पुरे,' असं. ते तिथेच म्हणावं असं फार वाटलं. पण जावईबुवा दाराशी उभे होते आणि म्हणाले, "उघडा आजी." मग खाली गेले, कुलूप काढलं. डबा होता तसाच. वर पुड्यांची निळी भुकटी बसलेली, ती पदराने पुसून दिला.

ती मोरीत गेली. बाहेर आली, पट्टी टेबलावर ठेवली आणि स्वतः खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. जावईबुवा घड्याळ बघत उभे. मी म्हटलं, "मी खाली जाते, भांडं तापत ठेवलंय." कारण एक रेघ बघायची आणि चेहरा सांभाळायचा, हे मला जमलं नसतं.

"बस आजी," ठकी म्हणाली. "तूच बघ. तूच मला सांग."

"मी काय सांगणार, माझे डोळे असले."

"तूच सांग."

चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. वाकले. पट्टी अजून ओली होती, कडेने चमकत होती. एक रेघ लाल. आणि तिच्या शेजारी दुसरी, तिच्याइतकीच लाल, जाड, कुंचल्याने ओढल्यासारखी. राखाडी नाही, सावली नाही. मी चाळीस वर्षं रंगात हात घातलेली बाई, मला लाल कळतो.

मी सगळ्यात आधी काय विचारलं असेन, तर "जावईबुवा, ही तुमची तर नाही ना?"

ते म्हणाले, "नाही आजी. ह्या वेळी नाही." आणि त्यांचा आवाज फाटला.

"किती आहेत?" ठकीने विचारलं.

"दोन."

"दोन?"

"दोन गं. दोन. पण गुरुवारी तर..." मी जीभ चावली. तिने ऐकलं. माझा हात धरला आणि म्हणाली, "थोडंसंच होतं आजी. तसं होतं कधी कधी म्हणे, आणि थांबतं. थांबलं." तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, आजकाल ह्यांना सगळं माहीत असतं. मग ती माझ्या कुशीत शिरली, लहानपणी तलावात पहिल्यांदा बुडून वर आली होती तेव्हा शिरली होती तशी. मी रडले. खूप वेळ रडले, लाज वाटली नाही.

आता रात्र झालीय आणि मी आठवून आठवून लिहितेय. एक गोष्ट राहून राहून डोळ्यांसमोर येते. मी पट्टीवर वाकलेले होते तेव्हा वर बघितलं, तर ठकी पट्टीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, टक लावून. घाबरली असेल. स्वतः बघायची हिंमत झाली नसेल पोरीची.

पण दोघांचा धीर मानला पाहिजे. आठवडाभर डबा कुलपात, आणि एकानेही एकदा किल्ली मागितली नाही. मी त्यांच्या जागी असते तर दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी पट्टी आणली असती.